बुडावरचं नाव

तांदळाच्या पिंपात हंसाने कोपरापर्यंत हात घातला. डबा नव्हता.

तिने तांदूळ इकडून तिकडे सारले, तिकडून इकडे सारले. पिंपाच्या तळाला नखं खरवडली. वाळवणावरून आली होती ती, अंगाला जवळ्याचा वास, केसांत वाळू, पायांना वैशाखाचे चटके. पण ते सगळं विसरून ती तिथेच पिंपाला धरून उभी राहिली.

"हेमांगी! अगो हेमांगी!"

सून पडवीतून धावत आली. वैतरणेच्या खाडीवरची पोर, लग्न होऊन महिना झाला होता, हातातला चुडा अजून नवाच होता.

"पिंपात डबा होता तो कुठं हाय?"

"कडीचा? तो तात्यांच्या घरी दिला ना आई. तुमीच बोलला सकाळी, बाळंतीण कीर्तीताईंना मोरी माशाचं कालवण पोचव म्हणून."

"मी मोरी पोचव बोलली! डबा कुठला ते बोलली काय?"

हेमांगीचं तोंड उतरलं. "तात्यांचं घर मोठं, म्हणून चांगल्यातला चांगला डबा नेला. आपली भांडी सगळी चेपलेली. तो तेवढा कोरा होता. त्याचं झाकण पण घट्ट, रस्सा सांडत नाय..."

पोर बोलत होती त्यात खोटं काही नव्हतं. चूक तिची नव्हतीच. मान द्यावा म्हणून तिने घरातली सर्वांत चांगली वस्तू उचलली होती. हंसा मटकन खाली बसली. आता हिला सांगायचं तरी काय? की बाई, तू आपल्या घरावर निखारा ठेवून आलीस?

तो डबा नळीवाल्या कंपनीचा होता.

पोफळपाड्याच्या खाडीतून समुद्रात नळी टाकायची आणि कारखान्याचं पाणी आत सोडायचं, असं त्या कंपनीच्या मनात आलं, तेव्हा पहिल्यांदा काय आलं असेल तर वाटप! मासळी मरायची ती पुढे मरेल, आधी टोप्या घ्या. दिवाळीच्या सुमाराला आरोग्य शिबिर भरवलं आणि ज्याला त्याला काही ना काही हातात दिलं. टोप्या समुद्रावरच्या पहिल्याच वाऱ्याने नेल्या. पेनं पोरांनी आठवड्यात संपवली. किल्ल्यांच्या कड्या दिल्या. ज्या गावात दाराला कुलूप नाही तिथे कड्या! पोरांनी त्या बकऱ्यांच्या गळ्यात बांधल्या. कॅलेंडर दिलं गुळगुळीत कागदाचं, पण त्यावर तिथीच नाही. आता तिथी नाही तर भरती कधी न् ओहोटी कधी, हे मच्छीमाराने काय तारखेवरून ओळखायचं? त्यात बायकांनी सुकट बांधून विकली. पण डबा! बायकांना स्टीलचा डबा दिला, झाकणाला रबर आणि दोन बाजूंना कड्या. भर श्रावणात त्यात सुकट घालून ठेवा, दिवाळीला उघडा, कुरकुरीत. ओल धरत नाही, वास बाहेर येत नाही, मुंगी शिरत नाही. असला डबा हंसाच्या आईला मिळाला नव्हता, सासूलाही नाही. तसले डबे बोईसरच्या बाजारात पैसे टाकले तर ढिगाने मिळतात, नाही असं नाही. पण ते पैसे कोण टाकतो?

मग माघात गावाची बैठक बसली. गावचे पुढारी तात्या उभे राहिले. बोलायला वाघ माणूस, आणि बोलले ते खरंच होतं: "आज टोपी घेतली तर उद्या नळी घ्यावी लागंल!" गावदेवीपुढे नारळ ठेवला. घरातला कंपनीचा सगळा माल आणून देवळापुढे ढीग घालायचा आणि नारळावर हात ठेवून बोलायचं, आमच्या घरात काय उरलं नाय. हंसाने कापडी पिशवी टाकली, नवऱ्याचा, वामनचा, टी-शर्ट टाकला, आणि नारळावर हात ठेवला. शब्द ती इतके हळू बोलली की मागून कुणीतरी बोललं, "लाजते काय गो?"

डबा घरी पिंपात होता.

त्यावरचा कागद तिने रॉकेलने काढला होता, पण बुडाला कंपनीचं नाव कोरलेलं होतं, आणि नावाभोवती गोल, गोलात मासा. मासा काढला होता मेल्यांनी! राखेने घासघास घासला. हाताची सालं निघाली, मासा काही निघाला नाही.

गावात आता वाळीत हा शब्द कुणी काढत नाही. त्याला कायदा आहे, पोलीस येतात. नुसतं बोलणं बंद होतं. चैत्रात सुकाच्या घरचं बोलणं बंद झालं. सुकाची म्हातारी वाळवणावर बसायची, तिला उन्हाने भोवळ यायची, म्हणून त्याने कंपनीची मोठी छत्री ठेवून घेतली होती. सुलूने, त्याच्या बायकोने, वरून जुनं लुगडं शिवलं होतं. वाऱ्याने लुगडं फाटलं आणि भर वाळवणावर कंपनीचं नाव पसरलं. दुसऱ्या दिवसापासून सुलू मासळीच्या लिलावाला बसली की शेजारच्या बायका टोपल्या उचलून सरकायच्या. हंसासुद्धा सरकली होती. आता पावसाळ्याची बंदी तोंडावर आली, सगळ्यांच्या होड्या एकेक करून वर ओढून झाल्या, सुकाची तेवढी खाडीत नांगरावर डुलत होती. होडी काय एकट्याने वर येते? तिला गल्लीभर माणसांचे हात लागतात. आणि वर नाही आली तर पहिल्या वादळात खडकावर आपटून तिच्या फळ्या होतात.

वामनची होडी उद्या ओढायची होती. पौर्णिमेचं उधाण, दुपारची भरती.

"आई, मी जाऊन मागून आणते," हेमांगी रडवेली होऊन म्हणाली.

"काय मागून आणते! बाळंतिणीच्या घरी गेलेलं भांडं मागतात काय? दूध आटतं बोलतात. आधी ते पाप आणि वर हे."

हंसा उठली. तोंडावर पाणी मारलं, पदर झटकला, बाळाला द्यायला काजळाची डबी कनवटीला लावली आणि निघाली.

तात्यांच्या ओट्यावर माणसं बसली होती. तिला वाटलं, सगळे गप्प झाले. तसे ते झालेही, पण बाई माणूस आली म्हणून की आणखी कशाने, हे कुणी सांगावं?

"ये गो हंसा," तात्या म्हणाले. "वामन्याचा दोर मजबूत हाय ना? मागच्या साली तुटला होता."

"नवा घेतला तात्या."

"येतो आमी सगळे उद्या." मग माणसांकडे वळून त्यांनी आधीचं बोलणं उचललं, "तर काय सांगत होतो, अजून काय घरांत माल हाय. माझ्या कानावर हाय. एक सुका सापडला म्हणून संपलं नाय."

उंबरा ओलांडताना हंसाने चौकट धरली.

आतल्या खोलीत तात्यांची लेक कीर्ती बाळाला घेऊन पडली होती. शेगडीवर ओव्याचा धूर होता. हंसाने बाळाच्या पायाला काजळ लावलं, नाक कुणाचं, कपाळ कुणाचं ते बोलून झालं. "मोरी छान होती काकी," कीर्ती म्हणाली, "सगळी मीच खाल्ली." हंसा हसली. हसताना तिचे ओठ दातांना चिकटले.

मग ती पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली.

मैनाबाईंनी, तात्यांच्या बायकोने, भांडी घासून मांडणीवर पालथी घातली होती. ताटल्या, टोप, आणि अगदी पुढे, खिडकीच्या उजेडात, डबा. पालथा. बूड वर. नाव, गोल आणि गोलातला मासा असे लखलखत होते की आंधळ्यालाही दिसावेत.

मैनाबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसून नारळ खवत होत्या. हंसाने हात पुढे केला. उचलायचा, नुसता उलटा करून ठेवायचा, एवढंच. तेवढ्यात मागे पावलं वाजली.

"मैने, पाणी दे गो," म्हणत तात्या आत आले, आणि बायको उठेपर्यंत स्वतःच माठाकडे गेले. माठ मांडणीला लागूनच होता. त्यांनी पेला बुडवला. एक पेला प्याले. दुसरा भरला. हंसाचा हात तसाच अधांतरी राहिला होता. तो तिने कसाबसा खाली घेऊन पदरात गुंडाळला. तात्या पाणी पिताना मान वर करत तेव्हा त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली व्हायची, आणि हंसाला वाटायचं, आता मान खाली आली की संपलं. देवी आई, तुझी खोटी शपथ घेतली, कबूल, पण माझ्या धन्याच्या होडीवर नको काढू.

मान खाली आली. तात्यांनी पेला ठेवायला जागा बघितली आणि तो त्या डब्याच्या बुडावर ठेवला.

"उकाडा काय बोलतोय," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

मैनाबाई तोवर उठल्या होत्या. त्यांनी पेला उचलला. डब्याकडे बघितलं, मग हंसाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी डबा उचलून पलीकडे, टोपांच्या मागे ठेवला.

"भांडं उद्या देते गो हंसा," त्या म्हणाल्या. "रिकामं कसं देऊ?"

एवढंच. रागाने नाही, हसून नाही. हंसा घरी कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी वामन अंगणात दोराला ग्रीस चोळत होता. दिपेश, त्यांचा मुलगा, बोईसरच्या कारखान्यात पाळीवर गेला होता. गल्लीतली निम्मी तरणी पोरं तिकडेच, उरलेली लग्नांच्या वऱ्हाडांत. वामन बोटांवर माणसं मोजायचा, चुकायचा, परत मोजायचा.

"येतील ना गो सगळे?"

"येतील."

"माणसं कमीच पडतील बघ. पण तात्या बोलले म्हंजे येतील. तात्यांचा शब्द हाय." आणि मग मान वर करून, "तुला काय झालं? तोंड का असं पांढरं पडलंय?"

सांगावं असं तिच्या ओठावर आलं. पण सांगितलं की तोही तिच्यासारखाच भिणार, आणि भ्यालेल्या माणसाच्या हातून दोर सुटतो. "ऊन लागलंय," ती म्हणाली. ती रात्र तिने कुशी बदलत काढली. दर वेळी डोळा लागला की तिला लिलावाची ओळ दिसायची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका टोपल्या उचलताना दिसायच्या.

सकाळ झाली, ऊन चढलं, पाणी चढायला लागलं. वामनने इंजिन आधीच काढून ठेवलं होतं. त्याने होडी भरतीबरोबर किनाऱ्याला आणली, ओंडके मांडले, दोर बांधला आणि वाट बघत उभा राहिला. हंसा आणि हेमांगी जेवणाची टोपली घेऊन बाजूला बसल्या. किनाऱ्यावर एक कुत्रं होतं. पलीकडे, थोड्या अंतरावर, सुका आपल्या नांगरलेल्या होडीतलं पाणी उपसत होता. दुसरं कोणी म्हणजे कोणी नाही.

"पाणी भरत आलं," वामन म्हणाला. मग थोड्या वेळाने, "का नाय आले गो कोणी?"

हंसाला कळलं होतं. मैनाबाईंनी सांगितलं असणार, तात्यांनी ओट्यावर निवाडा केला असणार, आणि आता ही माणसं येणारच नव्हती. आजही नाही, उद्याही नाही, म्हाताऱ्या सासूच्या श्राद्धालाही नाही. एका डब्यापायी! तिने वाळूत बोटं खुपसली. नवऱ्याला आता सांगायलाच हवं होतं. ती उठली, दोन पावलं गेली, "अहो..." म्हणाली.

आणि सुरूच्या बनातून माणसं बाहेर पडली. पुढे तात्या.

"अरे, चिंतूच्या घरी हळद होती!" तात्या लांबूनच ओरडले. "जेवल्याबिगर सोडतात काय? चला, चला, पाणी थांबणार नाय!"

हंसा परत खाली बसली, हसू की रडू ते तिला कळेना. पण बायकांच्या घोळक्यात तिने मैनाबाई बघितल्या आणि हसू जागच्या जागी विरलं. मैनाबाईंच्या कमरेवर डबा होता.

सरळ तिच्याकडेच आल्या त्या, भर किनाऱ्यावर, सगळ्यांच्या देखत. "घे गो तुझा डबा. अळिवाचे लाडू हायेत, बाळंतिणीच्यातले."

हंसाने दोन्ही हातांनी डबा घेतला आणि तळवा बुडाखाली दाबून धरला, नाव झाकायला. तळव्याला नाव लागलं नाही. गोल लागला नाही, मासा लागला नाही. बूड नुसतं खरखरीत होतं, घासून घासून सपाट झालेलं, आणि त्या खरखरीतही जुनी काळपट झाक. एका रात्रीचं ते काम नव्हतं. आणि कडीजवळचा तिच्या डब्याचा ओरखडा? ओरखडा नव्हताच.

हा डबा तिचा नव्हता.

मैनाबाई वाकून तिच्या पदरावरची वाळू झटकल्यासारखं करत कानाशी पुटपुटल्या, "वीट बरी गो. राखेनं नाय जात."

मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि दोराकडे निघाल्या.

हंसा तशीच बघत राहिली. म्हणजे तात्यांच्या घरात! ज्यांनी नारळ ठेवला त्यांच्याच मांडणीवर! मग आणखी कुणाकुणाच्या पिंपात, कुणाच्या कणगीत, कुणाच्या गोधडीत? तिने दोर धरलेल्या बायकांकडे बघितलं. माघापासून यांची सुकट कशात राहते, हे आजवर तिने कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही तिला विचारलं नव्हतं.

"हैऽऽसा!" तात्यांनी आरोळी दिली. होडी उचलली, पहिल्या ओंडक्यावर चढली. "हैऽऽसा!" दुसऱ्यावर. माणसं कमी होती, पण माणसांत जोर होता. बायका, म्हातारे, सगळे दोराला लोंबकळले. हंसाने डबा पदरात बांधून दोर धरला. आणि अर्ध्या उतारावर होडी रुतली. एक ओंडका वाळूत दबला, होडी एका कुशीवर कलली, मागचा भाग पाण्यात आणि पुढचा हवेत.

"हैऽऽसा!" नाही. "परत! हैऽऽसा!" नाही. दोर करकरला. प्रत्येक लाट मागून होडीला धक्का देत होती आणि परत जाताना खालची वाळू ओढून नेत होती. वामन खांदा लावून कुशीखाली गेला होता. होडी आणखी कलली तर तो खालीच होता.

"पाणी उतरायला लागलं!" कुणीतरी ओरडलं. "आणखी एक खांदा पायजे! पलीकडून एक खांदा!"

खांदा होता. पलीकडे, आपल्या होडीत, हातात उपसायचं डबडं घेऊन सुका उभा होता, आणि सगळे त्याला बघत होते, आणि कुणीच त्याला बघत नव्हतं. तो बोलावल्याशिवाय येणार नव्हता. आणि बोलावणार कोण? जो बोलावील, त्याचं बोलणं बंद.

वामन खालून कण्हला.

हंसाला भीती वाटली नाही असं नाही. कालपासून वाटली नव्हती एवढी तेव्हा वाटली. पण पदरातला डबा मांडीला टोचत होता.

"सुकाभाऊ!" ती ओरडली. आवाज फाटला. "सुकाभाऊ, हात लाव रे! धनी खाली हाय!"

दोरावरचे सगळे हात थिजले. तात्यांनी मान वळवली. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मैनाबाई बोलल्या, दोर तसाच धरून, जोरात, "बघत काय बसलेव? होडी वर जाऊ दे आधी! बोलायचं ते मागनं बोला!"

सुकाने पाण्यात उडी टाकली. छातीभर पाण्यातून तो आला, वामनच्या शेजारी कुशीखाली शिरला आणि खांदा लावला. "हैऽऽसा!" ही आरोळी तात्यांनी दिली नाही. कुणी दिली ते कळलं नाही. होडी थरथरली, सरळ झाली, ओंडक्यावर चढली आणि कोरड्या वाळूत आली.

वामन बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्याची साल निघाली होती. हंसाने पदराने त्याचं रक्त पुसलं.

जेवण वाढलं. सुका जायला निघाला होता, वामनने त्याचं मनगट धरून त्याला बसवलं. तात्या थोडे लांब बसले. भाकरी संपल्यावर लाडू फिरले. डबा हातोहात तात्यांपर्यंत गेला. त्यांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला.

"मैने, लाडू अजून कडक हायेत गो. डबा झकास हाय." त्यांनी डबा पालथा करून बुडावर थाप मारली, आतला चुरा तळहातावर घेतला. किनाऱ्यावरच्या बायका, एकजात सगळ्या, खाली वाळूत बघत होत्या. "कुठं घेतला?"

"बोईसरच्या बाजारात," मैनाबाई म्हणाल्या.

मग हंसा बोलली आणि बोलताना कुणाकडेच बघितलं नाही. "उद्याच्या भरतीला सुकाभाऊची होडी. कोण येतंय?"

लाट आली, गेली.

"मी येते," मैनाबाई म्हणाल्या. "डबा घेऊनच येते."

त्या शब्दावर बायकांत काहीतरी सरकलं. चिंतूची आई घसा खाकरून म्हणाली, "मी पण आणते डबा." तिच्या मागून दुसरी. मग तिसरी, अगदी हळू, "माझ्याकडं पण हाय."

"या बायकांना लाडवांचं काय एवढं वेड!" तात्या म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा ते बायकोकडे बघत राहिले. मग हात झटकून उठले आणि घराकडे चालायला लागले.

डबा सुकाच्या पुढ्यात राहिला होता. त्याने तो उचलला, रबरावरून बोट फिरवलं, कड्या लावल्या, काढल्या, परत लावल्या. असाच एक त्याच्या सुलूने देवळापुढच्या ढिगात टाकला होता. त्याने डबा उलटा केला आणि घासलेल्या बुडावरून अंगठा फिरवला. मग तो हंसाच्या हातात दिला.

"आमची छत्री मोठी होती, वहिनी," तो म्हणाला. "लपली नाय."